खाऱ्या पाण्याचा टँक, नागपूरचा पावसाळा आणि पंपाचे वॉट

प्रवाळांचे रंग उडाल्याच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागर व हवामानविषयक संस्थेने जगभरातील प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी मोठी लाट सुरू असल्याचे जाहीर केले आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही तिची झळ बसली. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा समुद्र जेमतेम एक अंशाने अधिक तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ धोक्यात येतात. समुद्रातील जीवांसाठी एक अंश केवढा मोठा असतो, हे त्या बातम्यांनी अनेकांना प्रथमच सांगितले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, नागपुरात, घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्यांना मात्र हा एक अंश रोज भेटतो, आणि पुष्कळदा तो उन्हाने नव्हे तर त्यांनी स्वतःच विकत आणलेल्या पंपाने पाण्यात घातलेला असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कठीण प्रवाळ आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ते घरात ठेवणे बेकायदेशीर आहे. हा लेख क्लाउन फिश, डॅमसेल यांसारखे समुद्री मासे पाळणाऱ्यांसाठी आहे. या माशांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सियसचे पाणी मानवते. पाणी ३१ अंशांवर गेले की त्यात विरघळणारा प्राणवायू २५ अंशांच्या तुलनेत सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते. म्हणूनच तापलेल्या टाकीतले मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवू लागतात.

रिटर्न पंप नेमके काय करतो

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात सहसा दोन टाक्या असतात. वरची, दिवाणखान्यात दिसणारी काचेची टाकी माशांची. आणि तिच्या खाली, लाकडी कपाटात दडवलेली दुसरी टाकी गाळणी, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र), हीटर अशा उपकरणांची. वरच्या टाकीचे पाणी काठावरून ओसंडून नळीने खाली उतरते, खाली स्वच्छ होते, आणि ते पुन्हा वर चढवण्याचे काम एक पंप रात्रंदिवस करत राहतो. पाणी परत पाठवणारा म्हणून तो रिटर्न पंप. घराच्या गच्चीवरची टाकी भरणारी मोटार दिवसातून अर्धा तास चालते. हा पंप वर्षाचे ८,७६० तास चालतो. त्याच्या निवडीतली लहानशी चूकसुद्धा म्हणूनच साचत जाते.

बहुतेक घरगुती पंप पाण्यात बुडवून ठेवायचे असतात. त्यांच्या मोटारीचे वेटोळे रेझिनमध्ये बंद केलेले असते, आतला चुंबक फिरतो, त्याला जोडलेली पाती पाणी ढकलतात, आणि सभोवतालचे पाणीच मोटारीला गार ठेवते. सगळ्या प्रश्नाचे मूळ या शेवटच्या सोयीत आहे.

वीज शेवटी जाते कुठे?

पंप हाताला गार लागतो, म्हणजे तो पाणी तापवत नाही, असा समज सर्रास आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पंप गार लागतो, कारण त्याची उष्णता पाणी तत्काळ ओढून घेते.

एक हिशेब करून पाहू. तासाला १,५०० लिटर पाणी दीड मीटर उंच चढवण्यासाठी भौतिकशास्त्राच्या हिशेबाने अवघे ६ वॉट पुरतात. प्रत्यक्षात लहान पंप या कामासाठी २५ ते ४० वॉट घेतात, कारण वेटोळ्यातला विरोध, चुंबकाचे घर्षण आणि पात्यांभोवतीचे भोवरे यांत बाकीची वीज खर्च होते, आणि तो खर्च म्हणजेच उष्णता. उरलेले ६ वॉट तरी वाचतात का? तेही नाही. वर चढवलेले पाणी पुन्हा खाली कोसळते आणि चढताना मिळालेली ऊर्जा त्या कोसळण्यात, घुसळण्यात पाण्यालाच देऊन टाकते. बुडवलेल्या पंपाने घेतलेला प्रत्येक वॉट अखेरीस उष्णता होऊन पाण्यातच राहतो. पंपाची किंमत, त्याचा दर्जा, त्याचा देश यांपैकी कशानेही हा नियम बदलत नाही.

अंघोळीचे पाणी तापवायचा १,५०० वॉटचा रॉड सर्वांच्या परिचयाचा आहे. १०० वॉटचा पंप चोवीस तासांत जेवढी उष्णता पाण्यात सोडतो, तेवढी तो रॉड एक तास छत्तीस मिनिटांत सोडेल. माशांच्या टाकीत रोज दीड तास रॉड लावून ठेवण्याची कल्पना कोणालाही भयंकर वाटेल. मोठ्या पंपाची मात्र वाटत नाही, कारण तो तेच काम सावकाश करतो.

बादलीतला प्रयोग

एक वॉटचे उपकरण तासभर चालले की एक वॉट-तास वीज लागते. असे हजार वॉट-तास म्हणजे वीजबिलावरचे एक युनिट. एक लिटर खारे पाणी एका अंशाने तापायला सुमारे १.१४ वॉट-तास लागतात, साध्या पाण्याला १.१६. एवढे दोन आकडे हाताशी असले की पुढचे सगळे घरी पडताळता येते.

माझ्या टाकीत वरचे आणि खालचे मिळून ३०० लिटर पाणी आहे. पहिला पंप घेताना दुकानदाराच्या सांगण्यावरून मी मोठ्यातला मोठा घेतला होता. वॉटमीटरवर त्याची खरी भूक १०५ वॉट निघाली. जुलै महिन्यात टाकीचे पाणी ३१.२ अंशांवर जाऊन बसले आणि दोन्ही क्लाउन फिश दिवसभर पाण्याच्या नळीच्या तोंडाशी घुटमळत राहिले, तेव्हा मी तो पंप काढून न्हाणीघरात एका बादलीत ठेवला. १५ लिटर साधे पाणी, वर थर्माकोलचे झाकण, झाकणातून खोचलेला थर्मामीटर. सुरुवातीला २८ अंश. तासाभराने ३३.४. हिशेबाप्रमाणे सहा अंश चढायला हवे होते. अर्ध्या अंशाहून थोडी अधिक उष्णता बादलीने आणि हवेने नेली. समोर काटा चढताना पाहिल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही.

तीच उष्णता ३०० लिटरमध्ये पसरली, तर पाणी एका अंशाने तापायला सव्वातीन तास लागतात. म्हणजे उष्णतेला बाहेर पडायला वाट नसती, तर दिवसाला सात अंश. प्रत्यक्षात काचेतून आणि पृष्ठभागावरून उष्णता निघून जाते, आणि जेथे येणारी व जाणारी उष्णता सारखी होते तेथे तापमान स्थिरावते. ते कुठे स्थिरावणार, हे ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे खोलीतली हवा, आणि त्या बाबतीत नागपूरचे हवामान फसवे आहे.

मे महिन्यापेक्षा जुलै अवघड का?

२०१३ च्या मे महिन्यात नागपूरने ४७.९ अंशांचे तापमान पाहिले. अशा शहरात खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची खरी परीक्षा नवतपात होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. माझा अनुभव मात्र वेगळा आहे, आणि त्याचे कारण प्रत्येक नागपूरकराच्या घरातल्या माठात सापडते. मे महिन्यात माठातले पाणी गार होते, कारण कोरडी हवा माठाच्या अंगावरचे पाणी झपाट्याने उडवते आणि उडणारे पाणी उष्णता घेऊन जाते. जुलै लागला की तोच माठ, तेच पाणी, पण गारवा येत नाही. हवाच ओलीचिंब असल्याने पाणी उडत नाही. कूलरचेही तसेच. वाळ्याच्या ताट्या मे महिन्यात खोली थंड करतात आणि श्रावणात फक्त दमटपणा वाढवतात.

टाकीचा पृष्ठभाग हा एक आडवा माठच आहे. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना बाष्पीभवनाने पाणी सिद्धांततः सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकते. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत हीच मर्यादा २८ अंशांच्या आसपास येऊन थांबते. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये टाकीवर कितीही पंखे लावले, तरी पाणी २८ च्या खाली जाणार नाही, आणि पंपाने घातलेला प्रत्येक वॉट त्या २८ च्या वर चढत जाईल. पंपाची निवड म्हणूनच पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून करावी. मे महिन्यात कूलर लावलेल्या खोलीत टाकीवर एक लहान पंखा असला, तर बराच मोठा पंपसुद्धा खपून जातो, आणि त्या यशाने माणूस निर्धास्त होतो.

बाष्पीभवनाची एक किंमतही आहे. एक लिटर पाणी उडताना सुमारे ६८० वॉट-तास उष्णता नेते. १०५ वॉटच्या पंपाची दिवसभराची उष्णता केवळ बाष्पीभवनाने घालवायची म्हटले, तर रोज सुमारे पावणेचार लिटर पाणी उडावे लागेल. उडते ते फक्त पाणी. मीठ मागेच राहते. तेवढे गोडे, आरओचे पाणी रोज परत घालावे लागते. भर म्हणून खारे पाणी घातले, तर क्षारता दर दिवसाला वाढत जाते.

खोक्यावरचे दोन आकडे

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: तासाला जास्तीत जास्त किती लिटर, आणि जास्तीत जास्त किती मीटर उंची. हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, ही गोष्ट खोके सांगत नाही. पहिला आकडा उंची शून्य असतानाचा आहे, दुसऱ्या आकड्याच्या उंचीवर प्रवाह शून्य असतो. बांधकामावरचा गडी जमिनीवर दिवसभरात जितक्या टोपल्या विटा हलवील, तितक्या तो तिसऱ्या मजल्यावर चढवणार नाही. आणि अशी एक उंची असतेच की जेथे पोहोचेपर्यंत त्याचा दम संपतो. या उंचीच्या ओझ्याला पंपाच्या भाषेत ‘हेड’ म्हणतात.

आपल्या टाकीचे हेड काढायला मोजपट्टी पुरते. खालच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंतचे अंतर घ्यावे. पंप किती खोल बुडवला आहे याने फरक पडत नाही. त्यात नळीच्या घर्षणाचे ओझे मिळवावे. येथे स्वस्तात मोठी बचत होते: तेवढ्याच प्रवाहासाठी पाऊण इंची नळीऐवजी एक इंची नळी वापरली, तर घर्षण साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. काटकोनी एल्बो शक्य तितके टाळावेत. नळीवर शंभर-दोनशे रुपये जास्त गेले, तरी त्यामुळे पंप एक आकार लहान घेता येतो, आणि तो लहान आकार पुढे कित्येक वर्षे टाकीला उष्णतेपासून वाचवतो.

यानंतर कंपनीने दिलेला आलेख पाहावा. त्यात आपल्या हेडच्या रेषेवर किती लिटर मिळतात आणि त्यासाठी किती वॉट लागतात, हे दोनच प्रश्न विचारायचे. आलेख न देणाऱ्या कंपनीचा पंप मी घेत नाही. दोन पंप तुलनेला घेतले, तर आपल्या उंचीवर मिळणाऱ्या लिटरला वॉटने भागावे. ज्याचे उत्तर मोठे, तो आपल्या कामाचा.

मोठा पंप म्हणजे स्वच्छ पाणी, हे खरे नाही का?

ही सर्वांत जुनी समजूत आहे आणि तिच्यात एकेकाळी तथ्यही होते, कारण तेव्हा टाकीतला सगळा प्रवाह रिटर्न पंपानेच निर्माण करावा लागे. आता ते काम वेव्हमेकर करतो. वेव्हमेकर म्हणजे टाकीच्या आत काचेला चिकटवलेला लहान पंखा. त्याला पाणी वर चढवायचे नसते, फक्त ढकलायचे असते, म्हणून तो १० वॉटमध्ये तासाला काही हजार लिटर पाणी हलवतो. रिटर्न पंपाकडे मग फक्त खालच्या गाळणीपर्यंत पाण्याची ने-आण उरते, आणि त्यासाठी टाकीच्या पाण्याच्या तीन ते पाच पट प्रवाह दर तासाला पुरेसा होतो. ३०० लिटरच्या टाकीला ९०० ते १,५०० लिटर. ते दीड मीटरवर मिळायला हवेत, खोक्यावर नव्हे.

मोठा घेऊन व्हॉल्व्हने कमी केला तर?

व्हॉल्व्ह आवळला की प्रवाह घटतो, पण साध्या एसी पंपाचे वॉट त्या प्रमाणात घटत नाहीत. त्याचा चुंबक विजेच्या ५० आवर्तनांशी बांधलेला असतो आणि त्याच वेगाने फिरत राहतो. ब्रेक दाबून ठेवून ॲक्सिलरेटर देण्यासारखे हे आहे. व्हॉल्व्ह लावायचाच असेल, तर तो पंपाच्या पुढच्या नळीवर असावा. पाणी आत घेणाऱ्या तोंडाशी अडथळा आणला, तर पंप उपाशी चालतो, आवाज करतो आणि लवकर झिजतो.

डीसी पंपाची गोष्ट निराळी आहे. त्याचा वेग नियंत्रकाने खरोखर कमी होतो, आणि वेग ८० टक्क्यांवर आणला की वॉट जवळजवळ निम्म्यावर येतात. मात्र त्याच वेळी पाणी चढवण्याची ताकदही सुमारे ६४ टक्क्यांवर उतरते, त्यामुळे वेग इतका कमी करू नये की पाणी वर पोहोचणेच थांबेल. डीसी पंपाचा ॲडॉप्टर पाण्याबाहेर असतो, त्यामुळे त्याच्यात वाया जाणारी थोडी उष्णता टाकीत येत नाही. तो कपाटाबाहेर, उंचावर आणि खाऱ्या शिंतोड्यांपासून दूर ठेवावा. उन्हाळ्यात वीज वारंवार जाणाऱ्या भागात डीसी पंपांची आणखी एक सोय आहे: त्यातले काही थेट बॅटरीवर चालतात. किंमत जास्त असते, हे खरे. पण माझ्या जुन्या पंपाचे १०५ वॉट आणि नव्याचे ३२ वॉट यांतला फरक महिन्याला सुमारे ५२ युनिट होतो, आणि तो वीजबिलावर दिसतो.

मोटार बाहेर ठेवणारा पंप, कूलरचा पंप, चिलर

बाहेर बसवायच्या पंपात मोटारीची बरीचशी उष्णता हवेत जाते, पाण्याला मिळते ती पात्यांची. मोठ्या टाक्यांना ही व्यवस्था योग्य आहे, पण पंप त्याच बंद कपाटात ठेवला, तर कपाट भट्टीसारखे तापते आणि ती उष्णता फिरून खालच्या टाकीतच येते. कपाटाला मागून मोकळी हवा नसेल, तर हा खर्च करू नये. ३०० लिटरच्या घरगुती टाकीला त्याची गरज मला वाटत नाही.

नागपुरात दर उन्हाळ्यात रस्तोरस्ती मिळणारा कूलरचा १८ वॉटचा पंप वॉटच्या दृष्टीने मोहात पाडतो. तो खाऱ्या पाण्यासाठी बनवलेला नसतो. त्याच्यात धातूचा दांडा किंवा स्क्रू असला तर तो गंजतो, आणि पाण्यात तांबे उतरले, तर कोळंबी आणि शंखांसारख्या जीवांना ते विष ठरते. टुल्लू पंपाचा तर विचारही करू नये.

चिलर म्हणजे टाकीचा फ्रीज. तो उत्तम काम करतो, परंतु त्याला पंपाचीही उष्णता उचलावी लागते आणि ती तो खोलीत टाकतो. जास्तीच्या वॉटचे पैसे मग दोनदा भरावे लागतात, एकदा पंपाला आणि एकदा चिलरला. चिलर घेण्याआधी पंप, स्किमर, वेव्हमेकर आणि दिवे यांच्या वॉटची बेरीज कागदावर करावी. माझी बेरीज पंप बदलल्यावर, दिवे सोडून, ७० वर आली आणि चिलर घ्यावा लागला नाही.

हिवाळ्यात तीच उष्णता उपयोगी पडत नाही का?

पडते. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बाहेर पारा दहाच्या आसपास उतरतो आणि टाकीला हीटर लागतोच, तेव्हा पंपाचा प्रत्येक वॉट हीटरचा एक वॉट वाचवतो. पण हीटर थर्मोस्टॅटने आपोआप बंद होतो, पंप होत नाही. हिवाळ्याची गरज हीटरवर सोपवून पंप पावसाळ्याच्या हिशेबाने घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंप बसवल्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी तो उघडून पाहावा. चुंबकाभोवती चुन्याचा पांढरा, खरखरीत थर बसतो; वॉट तेवढेच राहतात आणि पाणी मात्र कमी येते. पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर ठेवला की तो थर सुटतो, आणि दातांच्या जुन्या ब्रशने चुंबकाची विहीर घासून काढता येते. हे करण्याआधी प्लग काढलेला असावा, आणि टाकीच्या सगळ्या वायरी प्लगकडे जाण्याआधी खाली झोल खाऊन जाव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळणारे खारे पाणी बोर्डात शिरणार नाही.

नवा पंप लावल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातल्या माझ्या वहीतल्या एका दिवसाच्या नोंदी अशा आहेत: खोली २७.९, पाऊस सुरू, कूलर बंद, टाकीवर दोन छोटे पंखे, पंप ३२ वॉट. पाणी सकाळी सहाला २८.३, दुपारी तीनला २८.८, क्लाउन फिश टाकीच्या तळाशी, दगडाजवळ.